मिरचीवरचा मावा, मुंग्या आणि बीटीची पावडर: घरच्या भाजीबागेतलं जैविक कीडनियंत्रण

तुमची अडचण मला समजली ती अशी. कोबीच्या पानांना भोकं पडत होती आणि मिरचीच्या शेंड्यांवर मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) बसला होता. तुम्ही बीटी या जिवाणूपासून केलेल्या कीटकनाशकाची पावडर आणून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारलीत. कोबी सावरली, मिरचीवरचा मावा मात्र जागचा हलला नाही. मिरचीवर मुंग्यांची सतत ये-जा चालू आहे. मधल्या काळात पानांवर काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी दिसणाऱ्या अळ्या आल्या होत्या, त्या तुम्ही वेचून टाकल्यात. आता विचारताय की ढालकिडे (लेडीबर्ड) विकत मागवावेत का, आणि मुळात घरच्या चार वाफ्यांत जैविक नियंत्रण चालतं का.

चालतं. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते: वेचून फेकलेल्या त्या अळ्या वर्णनावरून ढालकिड्यांच्याच वाटतात. जे पैसे देऊन आणायचं चाललंय, ते आपणहून बागेत येऊन कामाला लागलं होतं.

ही गफलत जवळजवळ प्रत्येक नव्या बागेत होते, कारण ढालकिडा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोलसर भुंगेरा येतो. त्याची अळी अगदीच वेगळी दिसते. लांबट, मागे निमुळती, पुढच्या भागात सहा ठळक पाय, अंगावर बारीक काटे, आणि चालायला चपळ. कोषात जाण्यापूर्वी अशी एक अळी काही शे मावा फस्त करते. त्यामुळे पुढच्या वेळी काहीही चिरडण्याआधी भिंगातून बघा. मावा एका जागी सोंड खुपसून बसलेला असतो. त्याच्या घोळक्यातून तुरुतुरु फिरणारं जे काही दिसेल ते बहुतेक वेळा त्याला खायला आलेलं असतं.

ओळखायला शिकाव्यात अशा आणखी काही गोष्टी आहेत. पानाच्या खाली केसासारख्या बारीक देठावर एकेक पांढरट अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपा या मित्रकीटकाचं. त्याच्या अळीला कोयत्यासारखे दोन जबडे असतात आणि ती ढालकिड्याच्या अळीइतकीच खादाड असते. माव्यात लोळणारी हिरवट, बिनपायांची, थोडी किळसवाणी अळी ही सिरफिड माशीची. माव्यातले काही किडे फुगून, चकचकीत तपकिरी होऊन पानाला चिकटलेले दिसले तर त्यांच्या आत एका अतिबारीक परोपजीवी कीटकाचं पिल्लू वाढतंय. ते पूर्ण वाढलं की पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडतं. असे तपकिरी किडे दिसू लागले की मी त्या झाडावरची फवारणी पूर्ण थांबवते. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत तर फसगत आणखी सोपी आहे. त्याला खाणारा क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा आहे आणि त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणचट झालरीत गुंडाळलेली असते. लोक तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून मारतात. ती चालते आणि आकाराने बरीच मोठी असते, एवढ्या दोन खुणा पुरे.

उलट बाजूही सांगायला हवी. ढालकिड्यांच्या कुळात शाकाहारीही आहेत. वांगी, काकडीवर्गीय वेलींवर एपिलॅक्ना भुंगेरा येतो. त्याची पाठ मळकट तांबूस, बारीक लव असलेली आणि बिनचकाकीची असते, अंगावर बरेच ठिपके असतात. अळी पिवळट आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची. तो पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करून टाकतो. म्हणजे ठिपके दिसले की मित्र, असं सरसकट धरता येत नाही. तो खातोय काय, ते बघावं लागतं.

आता बीटीकडे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला आणि १९११ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला; आजचं नावही त्यांनीच दिलं. त्याच्या प्रथिनाचे स्फटिक अळीच्या पोटात जावे लागतात. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि आतड्याचा पडदा फोडतात. या एका वाक्यात तुमच्या अनुभवाचं उत्तर आहे. कोबीवरची अळी पान कुरतडून खाते, म्हणून पानावरची पावडर तिच्या पोटात गेली. मावा पानाच्या आत सुई घालून रस ओढतो. पानाच्या पृष्ठभागावर काय पडलंय याच्याशी त्याचा संबंधच येत नाही. तुम्ही दोनदा फवारा की वीसदा, मिरचीवरच्या माव्याला त्याने काही होणार नाही. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे, लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडींबाबतही हेच.

कोबीसाठी बीटी वापरत राहायचं असेल तर तीन-चार गोष्टी सांभाळा. अळ्या लहान असतानाच फवारा, मोठ्या अळ्या बऱ्याचदा टिकून जातात. उन्हाने ही पावडर काही दिवसांत निष्प्रभ होते, म्हणून संध्याकाळी आणि पानाच्या खालच्या बाजूला नीट पोहोचेल अशी फवारा. आणि दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून लगेच पुन्हा फवारू नका. अळी काही तासांत खाणं सोडते, मरायला दोन-तीन दिवस घेते. मी अळ्या मोजत नाही, पानांवर ताजी हिरवी विष्ठा पडतेय का ते बघते. ती थांबली म्हणजे काम झालं. बीटीच्या या प्रकाराला कोबीवरची अळी आणि फुलपाखराची अळी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे लागेल त्याच झाडावर मारा, साऱ्या बागेवर नको.

मिरचीकडे परत येऊ, कारण तुमचा खरा गुंता तिथे आहे आणि त्याची किल्ली मुंग्यांकडे आहे. मावा जेवढा रस पितो त्यातला बराचसा गोड, चिकट द्रव म्हणून बाहेर टाकतो. मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या माव्याची गुराख्यासारखी राखण करतात: ढालकिड्याच्या अळ्यांना चावून हाकलतात, परोपजीवी कीटकांना अंडी घालू देत नाहीत. अशा पहाऱ्यात बाहेरून कितीही मित्रकीटक आणून सोडलेत तरी त्यांची डाळ शिजत नाही. म्हणून माव्याच्या तक्रारीवर माझं पहिलं उत्तर नेहमी मुंग्या अडवा हेच असतं. खोडाभोवती कागदाची किंवा कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. थेट सालीवर लावू नका, खोडाला इजा होते. कुंडी असेल तर ती पाण्याच्या ताटलीत विटेवर किंवा तिवईवर ठेवा. शेजारची फांदी, भिंत, आधाराची काठी, दोरी, यांतलं काहीही झाडाला टेकत असेल तर मुंग्या तो पूल शोधतात, तो तोडा. मुंग्या थांबल्यावर माव्याच्या घोळक्यांत शिकारी वाढलेले मी बहुतेक झाडांवर पाहिले आहेत, तेही दुसरं काहीच न करता.

त्यानंतर येतो तो अवघड भाग: थांबणं. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालू लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा होईपर्यंत तीन-चार आठवडे लागतात. शिवाय पुरेसा मावा दिसल्याशिवाय मादी तिथे अंडीच घालत नाही, कारण पिल्लांना खायला काय मिळणार? म्हणजे कीड आधी आणि मित्र मागून, हा क्रम ठरलेलाच. मधले दोन आठवडे बाग वाईट दिसते आणि नेमक्या त्याच काळात माणूस घाबरून काहीतरी जालीम फवारतो. त्याने मावा आणि त्याच्या मागून आलेले शिकारी दोघेही मरतात. मावा वाचलेल्या चार किड्यांपासून पुन्हा भरभर वाढतो, शिकाऱ्यांना पुन्हा महिना लागतो. बागेत एकही कीड नको असा हट्ट धरला, तर ती खाणारेही उपाशी निघून जातात.

किती थांबायचं हे मात्र झाडावर अवलंबून आहे, आणि इथे मी सरसकट आकडा देणार नाही. चार पानांच्या रोपावर मावा आला तर थांबण्यात अर्थ नाही, रोप खुंटेल. तिथे मी बोटांनी चिरडते किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढते. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. फुलाफळाला आलेली मिरची आठवडा-दहा दिवस सहज सोसते. त्या काळात पाच शेंड्यांना दोरा बांधून खूण करा आणि दर दोन-तीन दिवसांनी तेच पाच बघा. मावा वाढतोय, पण अळ्या, अंडी, तपकिरी फुगलेले किडे यांपैकी काहीतरी सोबत वाढतंय, तर हात आखडता ठेवा. आठवड्यानंतरही मावा वाढतोय आणि शिकारी एकही नाही, तर हस्तक्षेप करा.

या थांबण्यामागचा सगळ्यात मोठा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा कापसासारख्या दिसणाऱ्या एका खवलेकिडीने पार घाईला आणल्या होत्या. ती ऑस्ट्रेलियातून आली होती, म्हणून १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल यांना तिकडे पाठवून तिचे शत्रू शोधले गेले. त्यांनी पाठवलेल्या रोडोलिया या ढालकिड्याने काही महिन्यांत कीड आटोक्यात आणली. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीला त्याच भागात डीडीटी या रासायनिक कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली, ढालकिडे मेले आणि दबलेली ती कीड पुन्हा उसळली. आपल्या चार वाफ्यांत तमाशा लहान असतो, गणित तेच असतं.

मग विकत आणायचे का? उघड्या बागेत प्रौढ ढालकिडे सोडण्याच्या मी विरोधात आहे. त्यांना पंख आहेत आणि ते उडून जातात. थंडीत सुप्तावस्थेत एकत्र जमलेले किडे गोळा करून विकले जातात, त्यांची तर जागे झाल्यावर आधी दूर पांगण्याचीच वृत्ती असते. जात कोणती आहे हाही प्रश्न उरतो. आशियातला हार्मोनिया नावाचा ढालकिडा माव्यासाठी अमेरिका-युरोपात सोडला गेला आणि आता तो तिथल्या स्थानिक ढालकिड्यांना खाणारा उपद्रवी पाहुणा झाला आहे. आणायचंच असेल तर तुमच्या भागातल्या जातीच्या क्रायसोपाची अंडी किंवा अळ्या आणा. अळीला पंख नसतात, ती सोडाल तिथे खाते. मात्र अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून एका जागी ओतू नका, झाडाझाडावर थोड्या थोड्या पसरा. आणि मुंग्या अडवल्याशिवाय सोडू नका. प्रार्थनाकीटकाचं कौतुक फार ऐकू येतं. तो हाताला लागेल ते खातो, मधमाशीसुद्धा. पाहायला छान, नियंत्रणाला निरुपयोगी.

बाग जाळीघरात किंवा काचेच्या बंदिस्त जागेत असेल तर मात्र माझं मत बदलतं. तिथे सोडलेले कीटक तिथेच राहतात. पांढऱ्या माशीवर एन्कार्सिया हा परोपजीवी कीटक चांगलं काम करतो. ज्या पिल्लांत त्याने अंडं घातलं ती काळी पडतात, त्यावरून प्रगती कळते. लाल कोळीवर फायटोसेयुलस हा शिकारी कोळी आहे. तो फक्त लाल कोळीच खातो, त्याला हवेत ओलावा लागतो, आणि कोळी संपले की तोही संपतो. पतंगांच्या अंड्यांत वाढणारा ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक, ज्याची (तो आत वाढत असलेली अंडी चिकटवलेली) कार्डं मिळतात, तो बाहेरही चालतो, पण वेळ गाठावी लागते. तो एक मिलिमीटरहून लहान असतो, प्रौढ थोडेच दिवस जगतो, आणि अळीला काहीही करत नाही, फक्त अंड्यांना. पानांना भोकं दिसल्यावर कार्ड टांगलं तर उशीर झालेला असतो. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग पडू लागले की कार्ड लावायचं.

रस शोषणाऱ्या किडींवर बाटलीतलं काही हवंच असेल तर बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम या बुरश्या आहेत. त्या पोटातून जाव्या लागत नाहीत, किडीच्या कातडीतून आत शिरतात, म्हणून माव्यावरही चालतात. पण त्यांना दमट हवा लागते. कोरड्या, तापलेल्या दिवसांत त्या फवारणं म्हणजे पैसे ओतणं. संध्याकाळी फवारा, आगेमागे बुरशीनाशक मारू नका, विकत घेताना मुदत बघा आणि थंड जागी ठेवा; आत सजीव आहे, डबा तापला की ते मरतं. परिणाम दिसायला आठवडाभर लागू शकतो. या बुरश्या मित्रकीटकांनाही लागण करू शकतात, तेव्हा जिथे अळ्या कामाला लागल्या आहेत तो शेंडा सोडून द्या. मातीतल्या हुमणीसारख्या अळ्यांसाठी कीटकांना मारणारे सूत्रकृमी (सुतासारखे अतिबारीक कृमी) मिळतात. माती ओली ठेवली तर ते छान काम करतात, कोरड्या मातीत नाही.

कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी यांना जैविक म्हणतात खरं, पण मऊ अंगाच्या अळ्यांना त्यांचाही त्रास होतो, मग ती अळी मित्राची का असेना. फायदा एवढाच की साबणाचा असर वाळल्यावर संपतो. म्हणून दर आठवड्याला सगळ्या बागेवर फवारण्याची सवय नको. शिकारी नसलेला, फार भरलेला शेंडा निवडा, तेवढाच भिजवा, कडक उन्हात नको, आणि आधी एका पानावर करून बघा.

पुढच्या हंगामासाठी सगळ्यात स्वस्त उपाय: कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांतली काही झाडं उपटू नका, फुलू द्या. सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण माशी स्वतः पराग आणि मध खाते. परोपजीवी कीटकांचंही तसंच. त्यांची तोंडं आखूड असतात, म्हणून छत्रीसारखी उथळ फुलं त्यांना सोयीची. झेंडूबद्दल बरंच बोललं जातं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर तो उपयोगी आहे, पण त्यासाठी वाफाभर दाट लावून काही महिने ठेवावा लागतो. कोपऱ्यातल्या दोन कुंड्यांनी मिरचीवरचा मावा जात नाही. आणि नत्राचं खत जरा आवरा. भरपूर नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी माव्याला फार आवडते.

तर या आठवड्यापुरतं: मुंग्या अडवा, सगळ्यात भरलेले शेंडे धुऊन काढा, पाच शेंड्यांना दोरे बांधा, मिरचीवर बीटी बंद करा, काटेरी अळ्यांना हात लावू नका. मागवामागवी सध्या नको.

काही किडींवर यातलं फारसं चालत नाही. वांग्याच्या शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. सुकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळा लावणं हेच खरं. वेलींवरच्या फळमाशीला कोवळ्या फळावर पिशवी बांधणं आणि सडकी फळं बागेत पडू न देणं. आणि मिरचीची पानं चुरडत असतील तर कारण आधी ओळखा. कडा वर वळल्या असतील तर सहसा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. या दोन्हींत नवी पालवी सुधारू शकते. पण नवी पानंही बारीक, पिवळट, गुंडाळलेलीच येत राहिली आणि झाड खुंटलं, तर तो विषाणू आहे. विषाणूला खाणारा मित्रकीटक नाही. ते झाड त्याच दिवशी उपटा, नाहीतर पांढरी माशी आणि मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेत राहतील.